तुम्ही तिथं होता का?

रणदिवेबाईंविषयी लिहायचं म्हणजे पहिल्याच ओळीला घाम फुटतो. त्यांना काहीही सांगायला गेलं की समोरून एकच प्रश्न यायचा, "तुम्ही तिथं होता का?" बाई जाऊन वर्ष होत आलं, तरी आत्ता त्या टेबलापलीकडं बसून चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघतायत असं वाटतं. म्हणून आधीच सांगून टाकते. जिथं मी होते तिथं होते म्हणेन, नव्हते तिथं नव्हते म्हणेन, आणि आठवत नाही ते गाळेन. बाईंच्या साड्यांचे रंग मला आठवत नाहीत, ते गाळले आहेत.

सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. त्या इतिहास शिकवायच्या, मी भूगोल. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. अंगानं ठेंगण्या, आवाज मात्र तीन वर्गांना पुरेल एवढा. चालताना दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, तपासणीला आल्यासारखे. एकदा खरेच अधिकारी तपासणीला आले तेव्हा नवीन शिपायानं पहिला चहा बाईंपुढं ठेवला आणि बाईंनी तो निवांत पिऊन टाकला. मी तिथं होते.

मधल्या सुट्टीत डबे उघडले, कडक भाकरी आणि शेंगाचटणी फिरायला लागली, की बातम्याही फिरायच्या. कुणीतरी आवाज खाली आणून सुरुवात करायचं, "ऐकलं का, त्या अमक्या बाईंच्या सुनेनं म्हणे..."

"तू तिथं होतीस का?"

"मी नव्हते, पण..."

"मग चटणी सरकव इकडं."

बातमी तिथंच मरायची. आम्हाला याचा राग यायचा. चटणीबरोबर तोंडी लावायला दुसरं असतं काय शाळेत? पण एवढं खरं की आमच्या शाळेत माणसांची नावं विनाकारण खराब झाली नाहीत. एकदा नववीतल्या एका आगाऊ मुलीनं भर वर्गात विचारलं, "बाई, तुम्ही तरी कुठं होता गडावर?" वर्ग गार पडला. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "हिला इतिहास कळला. बाकीच्यांनी हिच्याकडून शिका." हे मला त्या मुलीनंच सांगितलं. ती तिथं होती, म्हणून लिहिते.

मात्र एक गोष्ट अशी होती, जिला हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. ती बाईंची स्वतःची होती. दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी त्या ती नव्या मुलींना सांगायच्या. बाई मूळच्या केमच्या, करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशन असलेलं गाव ते. घर शेतकऱ्याचं. त्या काळी गावात चौथीपुढं पोरींनी शिकायची रीत नव्हती. पण त्यांच्या वडिलांनी, आबांनी, सगळ्या भावकीचं न ऐकता या नऊ वर्षांच्या पोरीला सोलापूरला आत्याकडं पाठवायचं ठरवलं. गावातली एक बाई सोलापूरला निघाली होती, तिच्या सोबतीनं गाडीत बसवलं. थोरली बहीण मागं फलाटावर रडत उभी होती. गाडी हलली तसे आबा खिडकीचे गज धरत बाजूनं पळायला लागले. त्यांच्या हातातलं चांदीचं कडं गजांवर किणकिण वाजत होतं. आणि ते ओरडले, "मागं बगू नगं!"

इथं बाई थांबायच्या. मग सावकाश म्हणायच्या, "मी नाही बघितलं. तुम्हीही बघू नका." पोरी रडायच्या. दारात उभ्या असलेल्या आम्ही शिक्षिकाही, दर वर्षी ऐकून, दर वर्षी रडायचो. किती मुलींचं शिक्षण या एका वाक्यानं तडीस गेलं, ते मी आजही रस्त्यात भेटणाऱ्या बायकांकडून ऐकते.

निवृत्त झाल्यावर बाईंनी आठवणी लिहायला घेतल्या. लिहायची पद्धत त्यांच्यासारखीच. प्रकरणात जो माणूस येईल त्याला ते वाचून दाखवायचं, आणि त्यानं मान हलवली तरच ठेवायचं. मला श्रोता म्हणून बोलावणं असायचं. पहिला बळी त्यांचे यजमान, अप्पा. एसटीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, अत्यंत गरीब स्वभावाचे. लग्नाचं प्रकरण ऐकून ते हळूच म्हणाले, "बुंदी नव्हती. जिलेबी होती."

"बुंदी होती."

"अगं, मी खाल्ली ना जिलेबी. रात्री पोट बिघडलं होतं माझं."

"लग्नाच्या दिवशी तुम्ही काय खाल्लं ते तुम्हाला आठवतं, आणि मी काय नेसले होते?"

ते अप्पांना आठवेना. पण बाईंनी बुंदी खोडली. शेवटी पुस्तकात छापलं गेलं ते असं: "जेवणात गोड होतं."

दुसरा फटका बसला उजनीच्या सहलीचा. धरणाच्या पाण्यावरचे पक्षी बघायला मुलींना नेलं होतं. मी त्या सहलीला नव्हते, मला ताप होता. बाईंनी लिहिलं होतं की नावेतून उतरताना एक मुलगी पाण्यात गेली आणि त्यांनी तिची वेणी धरून तिला वर ओढलं. प्रसंग फारच सुरेख उतरला होता. ती मुलगी आता पुण्यात बँकेत आहे. बाईंनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि प्रकरण वाचलं. 

"बाई, रागवू नका. पडले मी नव्हते. तुम्ही पडला होतात."

"मी?"

"चिखलात कमरेपर्यंत. आम्ही चौघींनी ओढलं तुम्हाला. तुमची एक चप्पल आत राहिली ती राहिलीच."

अप्पांना हसू आवरेना, ते उठून आत गेले. बाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "गंमत बघ नलिनी. माझ्या डोक्यात मी नेहमी काठावर उभी असते. पाण्यात दुसरंच कुणीतरी." त्यांनी पान फाडलं नाही. खाली लिहिलं, "असं मला आठवतं. खरं असं झालं," आणि चपलेसकट सगळं घातलं. पुस्तकातलं ते सगळ्यात विनोदी पान आहे.

बाईंची पंचाहत्तरी जवळ आली तशी माजी विद्यार्थिनींनी कंबर कसली. पुस्तक त्याच काढणार, समारंभ त्याच करणार. मुखपृष्ठावर रेल्वेची खिडकी, आणि खाली "मागं बघू नकोस" हे आबांचं वाक्य, आबांच्या नावासह. "बगू नगं" त्यांनी शुद्ध करून घेतलं होतं. पत्रिकेवरही तेच.

सगळी प्रकरणं ऐकवून झाली होती, एक सोडून. स्टेशनाचं. मी म्हटलं, "बाई, आबा तर राहिले नाहीत. हे कुणाला ऐकवणार?"

"अक्का आहे की. गोष्टीत आहे ती, मागं उभी राहून रडत असते." थोडं थांबून म्हणाल्या, "तिला काय ऐकवायचं, तिला माहीतच आहे. पण नियम म्हणजे नियम."

अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. गावातल्या गावातच दिलेली, कधी शाळेत न गेलेली. आम्ही दोघी गाडीनं केमला गेलो. अक्का पडवीत बसून डब्यांत कुंकू भरत होती. केममध्ये घरोघरी हे काम चालतं. मनगटापर्यंत दोन्ही हात लाल, आणि कपाळ मोकळं, कारण तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. बाईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. अक्काचे हात थांबले नाहीत. संपल्यावर तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "चांगलं लिव्हलंस. पर आबा कवा आलता ठेसनावर?"

"कवा म्हणजे? त्या दिवशी."

"आबा न्हवता गं. आबा बैल घिऊन वैरागच्या बाजाराला गेलता. म्हनून तर घातली तुला गाडीत. आबा घरात आसता तर जाऊ दिली आसती व्हय तुला? तुजं लगीन बगत व्हता तो."

बाईंनी चष्मा काढला. "अक्का, तू मागं उभी होतीस. आबा पळत होते."

"मागं कुटली? मीच पळत व्हते."

"मग गजावर वाजलं ते काय? आबांचं कडं..."

"आबाला कुटलं आलंय कडं! बांगड्या व्हत्या माज्या. दोन फुटल्या तितंच. सासूला सांगितलं, धुनं धुताना फुटल्या म्हनून."

मी खाली मान घालून बसले होते. बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि मागं बघू नको म्हणालं ते?"

"मीच की." अक्कानं पुढचा डबा ओढला. "म्हनलं, मागं बगू नगं, न्हायतर मलाबी यावं वाटंल."

 अक्का एकोणीस-वीस वर्षांची असेल तेव्हा. तिलाही शिकायचं होतं का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं आणि मी गिळलं. पुढचं तिनं काम करता करताच सांगितलं. आबा परत आले आणि घर डोक्यावर घेतलं. वर्षभर थोरल्या लेकीशी बोलले नाहीत. एकाच गावात ती पाण्याला जाताना माहेरच्या दारावरून जायची आणि बाप तोंड फिरवायचा.

"तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तू पास झालीस, मंग आबाच सगळ्यास्नी सांगाय लागला, म्या पाटवली पोरगी सोलापूरला. सांगून सांगून त्याला सोताला खरं वाटाय लागलं. लई बरं वाटायचं गं त्याला. म्हनलं, आसू दे." मग तिनं पुढं वाकून कागदाकडं बघितलं. "हितं कुटं हाय आबा?"

बाईंनी दाखवलं. अक्कानं त्या शब्दावर बोट ठेवलं. बोट उचललं तेव्हा तिथं लाल ठसा उमटला होता. "ऱ्हाऊ दे की आबाच," ती म्हणाली. "मेल्या मानसाला कशाला हलवायचं?"

परतीच्या गाडीत बाई भांडखोर झाल्या. कुणाशी भांडायचं म्हणून माझ्याशीच. "अक्काचं वय झालंय. मागच्या खेपेला नातवाचं नाव विसरली होती. तिचा काय भरवसा?" जन्मभर लोकांकडं साक्षीदार मागणारी ही बाई, साक्षीदार मिळाल्यावर त्यालाच खोटं पाडत होती. मी म्हटलं, "बाई, ती तिथं होती." त्या सोलापूर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. ज्या बापाच्या बळावर ही उभी राहिली, तो बाप आता काढून घ्यायचा होता, तोही या वयात, आणि गावभर पत्रिका गेल्यावर. काही दिवस त्यांचा फोनच नव्हता. मग एका सकाळी आला. "ये. येताना काचेच्या बांगड्या घालून ये. भरपूर."

मी डझनभर चढवून जुळे सोलापूर या वस्तीतल्या त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पुढच्या पडवीला लांबच लांब लोखंडी गज आहेत. बाईंनी गजांना पाठ करून आत खुर्ची मांडली होती. अप्पा बाहेर अंगणात उभे, हातात शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं चांदीचं कडं. चेहरा असा, की या वयात बायको आपल्याला काय काय करायला लावणार आहे कोण जाणे.

"मी डोळे मिटते," बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही. गजांवरून हात फिरवत पळा."

"पळू?"

"चाला मग भराभर."

अप्पा गेले. कडं गजांवर ठण ठण वाजत गेलं.  "आता नलिनी."

मी पळाले. किणकिण, किणकिण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पुन्हा," आतून आवाज आला. मी पुन्हा पळाले. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला एक बांगडी फुटून फरशीवर पडली. मी धापा टाकत गजांशी उभी राहिले. बाईंनी डोळे उघडले नव्हते. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "अक्का."

अप्पा अंगणातच कडं हातात धरून उभे राहिले. मला तिथंच भडभडून आलं, लपवत नाही.

चहा झाल्यावर बाई बोलल्या. "मी मागं बघितलंच नव्हतं, नलिनी. बघू नको म्हटल्यावर मी डोळे गच्च मिटून बसले. मला फक्त आवाज माहीत होता. चेहरा आबांनी नंतर दिला, दर दिवाळीला सांगून सांगून. पुरावा जन्मभर माझ्या कानात होता आणि मी त्याला कडं म्हणत राहिले."

समारंभाच्या मुलींना हे कळलं तेव्हा धावपळ उडाली. त्यांच्यातली जी सगळ्यात पुढं होती ती म्हणाली, "बाई, एवढ्यासाठी कशाला? वडिलांचंच राहू द्या ना, किती छान वाटतं ते."

"छान वाटतं म्हणून शिकवला का मी तुम्हाला इतिहास?" बाई कडाडल्या. मुखपृष्ठ पुन्हा छापलं गेलं.

खरी अडचण तिथं नव्हती. अक्का चिडली होती. फोनवर तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आबाला गावात तोंड दाकवाय जागा ठिवायची न्हाय व्हय तुला? मी येनार न्हाय तुज्या सोलापूरला." बाईंपुढं पेच पडला. खरं लिहायचं ते अक्कासाठी, आणि ते अक्कालाच नको होतं. कितीतरी कागद त्यांनी फाडले. शेवटी जे लिहिलं त्यात त्यांनी स्वतः मुलींना सांगितलेली गोष्ट आधी जशीच्या तशी ठेवली. मग अक्काची ठेवली. आणि मग लिहिलं, "आबांनी मला पाठवलं नाही. पण पाठवल्यावर परतही बोलावलं नाही. दर दिवाळीला ते स्वतः न्यायला यायचे आणि सुट्टी संपली की स्वतः आणून सोडायचे. ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान वाटला, ती आपण केली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत असणार. मी त्यांना दोष देत नाही." हे अक्काला फोनवर वाचून दाखवलं.  मग अक्का म्हणाली, "एवडं लिव्हलंस तर येते."

समारंभात तिला बाईंशेजारी बसवलं होतं. हात घासघासून धुतले होते तरी नखांत लाली राहिलीच होती. बाईंनी ते प्रकरण वाचलं. "न्हायतर मलाबी यावं वाटंल" इथं आल्यावर सभागृहात हुंदके ऐकू यायला लागले, आणि अक्का, समोर माईक आहे हे न कळून, बहिणीला म्हणाली, "बास कर की आता." सगळं सभागृह रडता रडता हसलं. मग बाईंनी पिशवीतून हिरव्या काचेच्या दोन बांगड्या काढल्या आणि अक्कापुढं धरल्या. म्हणाल्या, "फुटलेल्या. माझ्यामुळं." अक्कानं त्या घेतल्या, उलटसुलट बघितल्या. "मला आता ह्या कशाला गं," म्हणाली, आणि बाईंचाच हात ओढून त्यांच्या मनगटात चढवल्या. बाईंना वाद घालायचा होता, तोंडावरून दिसत होतं. पण थोरल्या बहिणीपुढं त्यांचं कधी चाललं होतं?

दुसऱ्या दिवशी अक्काला गाडीत बसवायला आम्ही स्टेशनवर गेलो. अप्पांचं म्हणणं, दुपारची गाडी होती. मला सकाळची वाटते. अक्का खिडकीशी बसली. गाडी हलली तशी बाईंनी आपली काठी माझ्या हातात दिली आणि खिडकीचे गज धरले. गुडघे कधीच गेलेले. त्याला पळणं म्हणावं की नाही कोण जाणे, पण बाई गाडीबरोबर निघाल्या. गजावरून हात सुटायचा, पुढचा गज धरायच्या. चालता चालता अक्काला काहीतरी म्हणाल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, मी काठी घेऊन मागं होते, आणि नंतर विचारलंही नाही. हात शेवटचा सुटला तेव्हा बाई फलाटावर उभ्या राहिल्या. अक्का गजाला गाल लावून मागं बघत होती. गाडी वळेपर्यंत ती बघतच होती.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत बाई गेल्या. शेवटी मी गावाला होते, त्याविषयी मला काही लिहिता येणार नाही. मात्र त्या दिवशी फलाटावर गजांवर बांगड्या वाजत गेल्या. त्या मी ऐकल्या. मी तिथं होते.